गाडी उभी राहिली की

यवतेश्वरचा घाट गाडी एका दमात चढली आणि खाली साताऱ्यात पोवई नाक्यावर उभी राहताच बंद पडली.

घाटात तिने कुठेही दगा दिला नव्हता. पुढे वर्धमान बिरनाळे आणि त्याची बायको गुणमाला, मागे मुलगी ब्राह्मी, डिकीत हत्यारांची पेटी आणि पाण्याचा कॅन, एवढे ओझे घेऊन ती जुनी अँबॅसिडर दुसऱ्या गिअरमध्ये वळणामागून वळण घेत वर गेली होती, आणि इंजिनाचा आवाज एका पट्टीत लागला होता. उतरतानाही तिची तक्रार नव्हती. नाक्यावर रस्ता सपाट होता, गिअर न्यूट्रलला होता, इंजिनाला कसलेच काम नव्हते. आधी बॉनेट थरथरले, मग स्टिअरिंग, मग स्टिअरिंगवरची त्याची बोटे. एक खोल उचकी आली आणि सगळे शांत झाले. त्या शांततेत त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. मग मागून हॉर्न सुरू झाले. मोटरसायकलवरचा एक तरुण खिडकीशी वाकून म्हणाला, "काका, म्युझियममधनं काडून आणली व्हय?" आणि हवालदार हात हलवत आला. "आवं, बाजूला घ्या की तिला. मागं एश्टी अडकलीया." ब्राह्मी म्हणाली, "बाबा, मी उतरून ढकलते." "ढकलायची गरज नाही," वर्धमान म्हणाला, "ती सुरू होते." आणि ती झाली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून धरला की ती सुरू होत असे, आणि दाबलेला असेपर्यंत सुरू राहत असे. पाय उचललेला तेवढा तिला सोसत नव्हता.

ब्राह्मीच्या घरी, शाहूनगरात, चहा झाला. जावई कामावर गेला होता. ब्राह्मीने कपबशा उचलल्या नाहीत, त्या तशाच टेबलावर ठेवून ती समोर बसली, आणि आता काय येणार हे वर्धमानने ओळखले. लहानपणीही प्रगतिपुस्तक दाखवण्याआधी ती अशीच हात मांडीवर ठेवून बसायची. "बाबा, मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवतंय ना?" ती म्हणाली आणि लगेच तिने ओठ चावला. हे क्रियापद घरातून गेले काही महिने हळूहळू हद्दपार झाले होते. कुणी ठरवले नव्हते, तरी गुणमाला ते टाळून बोले, ब्राह्मी फोनवर टाळून बोले, आणि ते टाळले जात आहे हे वर्धमानला प्रत्येक वाक्यात ऐकू येई. "आठवतंय," तो म्हणाला. "हाताचं काम चालू ठेवा म्हणाले. तेच ठेवलंय." "गाडी चालवू नका असंही सुचवलं होतं." "सुचवलं होतं. सांगितलं नव्हतं." गुणमाला म्हणाली, "अगं, राहू दे ना. घाटात बघितलंस ना कशी गेली ती." "घाटात कोण उभं राहतं, आई? माणूस उभं राहतं ते नाक्यावर." मग ती वडिलांकडे वळली आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाली, "इंजिनाला हवा देणारं ते मॅनिफोल्ड तुम्ही बदललंत, तुमच्या हातानं. तेव्हापासून ती बंद पडते. मी वाईट अर्थानं म्हणत नाही. पुढच्या वेळी इथवर याल तेव्हा एकदाही बंद पडली नाही, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. पडली, तर किल्ली मला द्यायची. चालेल?" "चालेल," वर्धमान म्हणाला. ब्राह्मी समजत होती की पैज गाडीच्या किल्लीची आहे.

परतताना हमरस्त्यावर गाडी उत्तम चालली. उंब्रज गेले, कराड गेले, पेठ नाक्यावरून गाडी इस्लामपूरकडे वळली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. गुणमाला डोके खिडकीला टेकून झोपली होती. त्याला या प्रवासात विचार करायला आवडे, कारण चालत्या गाडीत विचार आपोआप एका पाठोपाठ एक येत, रांग मोडत नसत. हवेचा प्रश्न आहे हे उघड होते. इंजिन काम करत असते तेव्हा त्याचा घसा मोकळा असतो, बाहेरची हवा भरपूर आत येते, आणि एखाद्या फटीतून थोडी आगंतुक हवा शिरली तर तिचा पत्ताही लागत नाही. इंजिन रिकामे चालते तेव्हा घसा मिटलेला असतो. आत ओढ सर्वांत जास्त असते ती तेव्हाच, आणि फट कितीही बारीक असली तरी तिच्यातून येणारी हवा मग सगळे प्रमाण बिघडवते. पेट्रोल तेवढेच, हवा मात्र अधिक, आणि ज्योत विझते. म्हणून घाटात शहाणी, नाक्यावर वेडी. यात गूढ काही नव्हते. या वर्णनाला माणसाच्या मनाची उपमा सहज देता आली असती, आणि ती त्याच्या मनात आलीही. पण उपमेने काही सिद्ध होत नाही, असे त्याने नोकरीत तरुण इंजिनियरांना अनेकदा सुनावले होते. त्याने ती बाजूला सारली. ती पुन्हा आली.

कुपवाडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तो मापनकक्षाचा प्रमुख होता. काचेची दारे, ठरलेले तापमान, आत येताना बाहेर काढायच्या चपला. कामगार त्या खोलीला बस्ती म्हणत, आणि जैन माणसाच्या हाती जैन मंदिर, असा तो विनोद होता. वाद झाला की सुटा भाग त्या खोलीत येई आणि वर्धमान जे म्हणेल ते शेवटचे असे. त्याला स्वतःला या मानाचा मोह कधी वाटला नाही. वाटला तो खात्रीचा. आपण मोजले म्हणजे ते तेवढे आहे. देव, ग्रह, नवस यांच्यावाचून त्याचे आयुष्य व्यवस्थित चालले ते या एका खात्रीवर. मिरजेच्या डॉक्टरने मार्चमध्ये त्याला पाच शब्द सांगितले होते: लिंबू, किल्ली, नदी, शाल, घोडा. मग घड्याळाचे चित्र काढायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते त्याने डॉक्टरपेक्षा जलद केले, आणि मग शब्द विचारले. लिंबू, किल्ली, नदी, घोडा. उरलेल्या एका शब्दाच्या जागी काहीच नव्हते. विसरलेली गोष्ट जिभेवर घोटाळते, तिचा आकार तरी जाणवतो, असे तो समजत होता. इथे आकारही नव्हता, मोकळी भिंत होती. डॉक्टर चांगला माणूस होता. "गाडी चालवता?" त्याने विचारले. "चालवतो, दुरुस्तही स्वतः करतो." "अरे वा. आणि दुरुस्त केल्यावर चालते?" तो हसून म्हणाला, गुणमालाही हसली. खाली गाडीचे दार उघडताना वर्धमान मोठ्याने म्हणाला, "शाल." गुणमाला म्हणाली, "फोन करून सांगू या का त्यांना?" आणि ती विनोद करत नव्हती हे पाहून त्याला भीती वाटली.

त्या दिवसापासून त्याने स्वतःशी एक मांडणी केली होती. बिघाड वस्तूत असेल तर तो वस्तूचा. जोडणीत असेल, म्हणजे एखादा नट कमी आवळला, एखादी पायरी गाळली, तर तो आपला, आणि मग डॉक्टरच्या हसण्याला उत्तर उरत नाही. मॅनिफोल्ड बदलताना त्याने म्हणूनच एकही पायरी घाईने केली नव्हती. जुने मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्या बैठकीशी तडकले होते. दुसरे मिळाले ते शिरवळजवळ मोडीत निघालेल्या गाडीचे. या इंजिनाची एक खोड त्याला ठाऊक होती: हवा आत घेणारे इनटेक मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर टाकणारे एक्झॉस्ट एकाच बाजूला, शेजारीशेजारी बसतात, इंजिनात रोवलेल्या एकाच स्टडवर, एकाच जाड वॉशरखाली, कडेला पुढे आलेला एक कान याचा आणि एक कान त्याचा. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तरच वॉशर दोघांवर टेकतो. आणलेल्या इनटेकचे कान अर्ध्या मिलिमीटरने जाड भरले. पुष्कळ मेकॅनिकांनी ते पाहिलेही नसते. त्याने पाहिले, कुपवाडला कारखान्यातल्या जुन्या कामगाराच्या, बाळासोच्या, मिलिंग मशीनवर नेऊन इंजिनाला टेकणाऱ्या बाजूने बरोबर अर्धा मिलिमीटर काढून घेतला आणि जाडी जुळवली. ते सकाळचे काम त्याला लख्ख आठवत होते: शिकंज्यात धरलेले अ‍ॅल्युमिनियम, कटरखालून उडणारे चंदेरी कुरळे, कटर थंड ठेवणाऱ्या दुधाळ पाण्याचा वास, बाळासोने फडक्याने पुसून पुढे केलेला आरशासारखा पृष्ठभाग. कधी मनाचा तोल जाऊ लागला की तो या आठवणीला जिन्याच्या कठड्यासारखा धरी. पृष्ठभागाला निळा रंग लावून त्याने तो घरीही तपासला होता; सपाट, कुठे केसाचीही पोकळी नाही. तरी जोडावर तेलाच्या कुपीने तेल सोडले की मरू घातलेले इंजिन क्षणभर सावरे, म्हणजे हवा त्याच जोडातून शिरत होती. पृष्ठभाग निर्दोष, जाडी जुळवलेली, नट ठरल्या जोराने आवळलेले. उरले काय? दोन धातूंच्या मध्ये असते ते. गॅस्केट.

लालासाहेबांचे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान सांगलीत स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला होते. "या बिरनाळे सर," ते स्टुलावरूनच ओरडले. "परत पॅकिंग? आवं, आमच्या घरात पडदं बी एवढ्या येळंला बदलत न्हाईत." दुकानात कायम बसणारा एक रिकामटेकडा हसला. वर्धमानही शिष्टाचारापुरता हसला. लालासाहेबांनी काउंटरवर माल मांडला. तेलकागदाचे पातळ गॅस्केट; ते त्याने पहिल्यांदा बसवले होते. बुचाचे, ते दुसऱ्यांदा. कागद प्रामाणिक असतो, पण दोन्ही बाजू अगदी खऱ्या हव्यात. बूच उणीव भरून काढते, पण उष्णतेने आकसते आणि मग आधी भरलेलीच उणीव मोठी करून परत देते. आता पुढे आले ते ग्रॅफाइटचे, आत पोलादी जाळी असलेले. "ह्ये घ्या. एकदा आवळलं की फटीचा आकार धरतंय. पर काडलं की फेकायचं, दुसऱ्यांदा चालत न्हाई." वर्धमानने ते उजेडात धरले. चार-सहा भोके असलेली राखाडी पट्टी. अख्खे, इनटेक आणि एक्झॉस्ट दोघांना मिळून एकच. त्याच्या मनात आले की आपण एका पट्टीकडे अपील घेऊन आलो आहोत. "आन् वरनं थोडी लाख लावा," लालासाहेब म्हणाले, "जुनी मानसं तसंच करायची. जल्मात गळनार न्हाई." "लाख नको," वर्धमान म्हणाला. "ती किड्यांपासून करतात. डबाभर लाखेला लाखो जीव जातात. माझे वडील घरात येऊ देत नसत. मी काही पाळत नाही, पण हात जात नाही." "व्हय व्हय, सांगितलंय की तुमी." लालासाहेबांनी पट्टी कागदात गुंडाळली. "मेन बी चालनार न्हाई मग, त्ये माश्यांचं. तुमच्या धर्मात गाडी दुरुस्त करनं लय अवघड हाय बगा." रिकामटेकडा पुन्हा हसला. बाहेर पडल्यावर वर्धमान पायरीवर थांबला. लाखेबद्दल आपण यापूर्वी केव्हा सांगितले असेल? बुचाचे नेले तेव्हा सांगितले असणार. सांगितलेच असणार, ओघात येणारी गोष्ट आहे. त्याने बुचाचे गॅस्केट नेल्याचा दिवस समोर आणायचा प्रयत्न केला: काउंटर आला, लालासाहेब आले, पण ते आजचेच होते, आजचाच शर्ट घातलेले.

रविवारी सकाळी त्याने पोर्चमध्ये बॉनेट उघडले. गुणमाला चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली. विश्रामबागेतल्या त्या गल्लीत त्या वेळी भाजीवाल्याखेरीज कुणी नसे. "अहो," ती थोड्या वेळाने म्हणाली, "नाही चालवली गाडी तर काय अडतं आपलं? रिक्षा आहे की दारात." "गाडी चालवण्याचा प्रश्न नाही." "मला कळतं." "काय कळतं?" तिने कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही चहा घ्या. गार होईल." तिच्या आवाजात एक सावधपणा होता, पाण्याने भरलेले भांडे उचलताना असतो तसा. हा आवाज ओळखीचा आहे, पण माझ्याशी बोलतानाचा नाही, असे त्याला वाटले, आणि पाना हातात धरून तो आवाज कुणाचा याचा विचार करत राहिला. अण्णांचा. अण्णांशी बोलताना ती हा आवाज लावी.

अण्णा, त्याचे वडील, जन्मभर दिवसाउजेडी जेवले. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. हळदीच्या सौद्याला गेले तरी चार वाजता डबा सोडून बसत, आणि बाकीचे व्यापारी त्यांच्यासाठी बोली थांबवत. शेवटच्या दोन वर्षांत ते वेळेवर जेवत, आचमन करत, आत जाऊन बसत; आणि दिवे लागल्यावर हात-पाय धुऊन पुन्हा पाटाशी येत. "गुणमाला, वाढ की गं. उन्हं कलली. आज उपास ठेवायचा विचार आहे का म्हाताऱ्याला?" पहिल्यांदा सगळे हसले. मग ती म्हणायची, "अण्णा, झालं की तुमचं. भाकरी, वांगं, ताक." ते ऐकून घेत आणि सुनेने खोटे बोलावे याचे त्यांना इतके वाईट वाटे की ते भिंतीकडे तोंड करून बसत. काही दिवसांनी तिने वाद सोडला. पडदे ओढून, सगळ्या ट्यूबलाइटी लावून ती त्यांना मूठभर भात वाढू लागली, आणि अण्णा उन्हाच्या आत जेवल्याच्या समाधानाने जेवू लागले. वर्धमानला ते सहन झाले नव्हते. धर्म तो मानत नव्हता, पण नोंद खोटी होत होती. "सत्तर वर्षांचा नेम तू मोडतेस त्यांचा." ती म्हणाली होती, "ज्यांना आठवतच नाही त्यांनी काय मोडलं? मोडलं असेल तर मी मोडलं. माझ्या खाती धरा." तेव्हा त्याला तिचे उत्तर अशास्त्रीय वाटले होते. आता पायरीवर ती बसली होती, तोच सावध आवाज गळ्यात ठेवून, आणि त्याला तिला विचारायचे होते की माझ्यासाठी कुठले पडदे ओढले आहेस. त्याने चहा घेतला. तो गार झालेला होता.

नट सैल झाले. एक-एक वॉशर स्टडवरून काढून तो जुन्या वर्तमानपत्रावर क्रमाने ठेवत गेला. जुने गॅस्केट खरवडण्याआधी त्याने सवयीने चष्मा पुसला, आणि वॉशर उचलून फडक्याने पुसणार तो थांबला. वॉशरच्या खालच्या बाजूला दाबाची खूण होती, धातू धातूवर आवळला की पडते तशी चकचकीत. पण ती अर्ध्याच भागावर होती. दुसरा अर्धा भाग काळसर, धुळकट, कशालाही न टेकलेला. त्याने दुसरा वॉशर उलटा केला. अर्धचंद्र. तिसरा. अर्धचंद्र. सगळे अर्धचंद्र एक्झॉस्टच्या बाजूचे. त्याने ते वर्तमानपत्रावर ओळीने उलटे मांडले. "काय झालं?" गुणमाला म्हणाली. "काही नाही. मायक्रोमीटर आण. कपाटात, निळ्या मखमलीच्या पेटीत." त्याने एक्झॉस्टचा कान मोजला. इनटेकचा मोजला. पुन्हा मोजला, दुसऱ्या कानावर मोजला, हाताची ऊब लागू नये म्हणून फडक्यात धरून मोजला. इनटेक अर्ध्या मिलिमीटरने पातळ होते.

हे शक्य नव्हते. अर्धा मिलिमीटर जास्त होते, अर्धा काढला, शून्य उरायला हवे. वजा अर्धा उरत होता. म्हणजे एक पूर्ण मिलिमीटर निघाला होता. त्याने ही वजाबाकी मनात दोनदा केली, शंभरातून सात वजा करावेत तशी, आणि ती दोन्ही वेळा बरोबर आली. गॅस्केट निर्दोष होती, कागदाचे आणि बुचाचे दोन्ही. वॉशर ज्याला स्पर्शच करत नव्हता ते इनटेक कुठल्याही गॅस्केटने आवळले गेले नसते. मग चूक कुणाची? बाळासोची. बाळासोने ठरल्याच्या दुप्पट काढला. वाचताना आकडा चुकला असेल, मशीनची खूण सरकली असेल, माणूसच आहे. आणि या निष्कर्षाबरोबर त्याच्या छातीत एक हलकेपणा आला, इतका अचानक की त्याला त्याची शरम वाटली. तीस वर्षे त्याने लोकांच्या चुका शोधल्या होत्या, त्या निघू नयेत अशीच प्रामाणिक इच्छा धरून. आज पहिल्यांदाच दुसऱ्याची चूक निघावी असे त्याला मनापासून वाटत होते. मॅनिफोल्ड कापडी पिशवीत घालून, वॉशर खिशात टाकून तो रस्त्यावर आला आणि त्याने रिक्षा थांबवली. "मी येऊ का?" गुणमालाने फाटकातून विचारले. "कशाला? रस्ता माहीत आहे मला," तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने.

बाळासो मूळचा जत भागातला, धनगरांचा. बापाने मेंढरे राखली, याने वर्धमानच्याच कारखान्यात मशीन चालवायला शिकून पुढे कुपवाडला स्वतःचे शेड टाकले. रविवार असूनही तो होता. "या सायेब, या. च्या सांगतो." त्याने फडक्याने खुर्ची झटकली. "चहा नको. बाळासो, यातून किती काढलास तू?" "अर्धा." "नक्की?" "आवं, तुमच्या कामात नक्की न्हाई म्हंजी काय? तुमी अर्धा म्हनला, म्या अर्धा काडला. वर न्हाई, खाली न्हाई." "मग एक कसा भरतो?" बाळासो हसला. साहेब गंमत करतात की काय, हे पाहण्यासाठी त्याने वर्धमानच्या तोंडाकडे पाहिले, आणि मग त्याचे हसू जागच्या जागी राहिले. "सायेब, अर्धा आन् अर्धा एकच की."

पंख्याचा आवाज येत होता. "दोनदा केलंया आपुन," बाळासो हळू म्हणाला. "तुमीच आनलंत की दुसऱ्यांदा." वर्धमान म्हणाला, "केव्हा?" "मी औंदला यमाईला जाऊन आलतो त्या दिशी. तुमी आला, मी परसाद दिला. देव मानत न्हाई म्हनलासा, पर खाल्लासा. खोबरं हुतं. मग पिशवीतनं ह्ये काडलं आन् म्हनला, कान अर्ध्यानं जाड हाईत, काडायचा. म्या म्हनलं, सायेब, झालंया की ह्ये, पयल्यांदा काडलाय. तुमी म्हनला, बाळासो, मापलंय मी." हातातले फडके त्याने उगाच दुमडले. "मग मी काय बोलनार? दुसरा कुनी असता तर मापून बगितलं असतं. तुमचं माप चुकल्यालं मी उभ्या जल्मात बगितलं न्हाई."

वर्धमानने जीभ टाळूला लावली. खोबऱ्याची चव आठवते का ते तो पाहत होता. खोबऱ्याची चव त्याला ठाऊक होती, कुणालाही असते. पण ती या शेडमधली, त्या दिवसाची, बाळासोच्या हातची चव नव्हती. तिथे मोकळी भिंत होती. चंदेरी कुरळे मात्र अजून उडत होते, दुधाळ पाण्याचा वास येत होता, आणि तो कठडा ज्या जिन्याचा होता तो जिना पहिल्या दिवसाचा की दुसऱ्या, हे कठड्यावरून कळत नव्हते. "हात्तिच्या, एवढंच ना?" बाळासो घाईने बोलू लागला. "वायसरला अर्ध्या बाजूनं पायरी मारून देतो. जाड बाजू इनटेकवर, बारीक बाजू एक्झॉस्टवर. दोगं बी आवळत्याल. गाडी एक नंबर चालंल बगा, कुनाला कळायचं बी न्हाई." "दे," वर्धमान म्हणाला. खिशातून काढलेले वॉशर त्याने मशीनवर ठेवले, आणि बाळासोचे काम होईपर्यंत तो खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला.

ऊन उतरायच्या आत जोडणी झाली. ग्रॅफाइटची पट्टी, वर पायरीचे वॉशर, ठरल्या जोराने नट. त्याने इंजिन सुरू केले आणि पाय उचलला. गाडी उभ्या जागी चालत राहिली. त्याने बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला; पाणी हलले, सांडले नाही. "लागली की हो!" गुणमाला पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आता जाऊ या साताऱ्याला, येत्या रविवारी. पोवई नाक्यावर मुद्दाम थांबू." तिचे डोळे भरले होते. आवाजातला सावधपणा गेला होता, आणि तो परत आणायला आपणच कारण होणार हे त्याला दिसत होते. तो आत गेला आणि त्याने ब्राह्मीला फोन लावला. "गाडी नीट झाली," तो म्हणाला. "आता बंद पडत नाही. येशील तेव्हा किल्ली घेऊन जा." "नीट झाली ना? मग किल्ली कशाला, बाबा? पैज तुम्ही जिंकलात." "कारण सापडलं." "काय होतं?"

मापनकक्षात सांगे तसे त्याने ते सांगितले. इनटेकचे कान एक्झॉस्टच्या कानांपेक्षा अर्धा मिलिमीटर पातळ होते. वॉशर त्यामुळे एक्झॉस्टवर टेकत होते आणि इनटेक सैल राहत होते. इंजिन रिकामे चालताना त्या फटीतून हवा आत शिरत होती आणि गाडी बंद पडत होती. गॅस्केटमध्ये दोष नव्हता. कान पातळ झाले, कारण त्यांच्यातून अर्धा मिलिमीटर दोनदा काढला गेला. दोन्ही वेळा तो वर्धमानच्या सांगण्यावरून काढला गेला. त्यांतली एक वेळ त्याला आठवत होती. कोणती, ते सांगता येत नव्हते.